किती सरांचा ट्रे

किती सरांचं खरं नाव रुग्णालयाच्या हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच ते धूळ खात पडलं होतं. बायको "अहो" म्हणायची, मुलगी "बाबा" म्हणायची आणि उरलेलं सगळं जग, म्हणजे विद्यार्थी, सिस्टर, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर आणि फाटकावरचा पहारेकरी धरून, "किती सर" म्हणायचं.

कारण साधं होतं. सर विषाचे डॉक्टर. तातडीच्या विभागात कुणी भलतंसलतं पोटात घालून आलं की सरांचे तीन प्रश्न ठरलेले. काय खाल्लं? कधी खाल्लं? आणि किती? पहिले दोन ते उभ्या उभ्या विचारत. तिसऱ्यासाठी मात्र चष्मा कपाळावर चढवून, रुग्णाच्या नाकाला नाक लागेपर्यंत वाकून ते म्हणत, "किती?" अर्धमेला माणूससुद्धा दचकून डोळे उघडायचा.

या प्रश्नाचं खरं उत्तर कुणी देत नाही, हा सरांचा तीस वर्षांचा अनुभव. म्हणून वर्गात पहिल्याच दिवशी ते फळ्यावर लिहीत: रुग्ण सांगेल त्याच्या दुप्पट धरा, नवरा सांगेल त्याच्या तिप्पट धरा, आणि शेजारी सांगत असेल तर घरी जाऊन बाटली बघा. पण प्रत्येकाच्या घरी कोण जाणार? म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली होती, "जे बाधलं ते सोबत आणा." लोकांनी हा सल्ला फारच मनावर घेतला. एकाने फरशी पुसायचं औषध बादलीसकट आणलं. एकीने पानं चघळली म्हणून झाड आणलं, कुंडीसकट, आणि जाताना कुंडी परत मागितली. एक आजोबा त्यांना चावलेली गोम डब्यात घालून घेऊन आले. जिवंत. डब्याचं झाकण सैल होतं. त्या दिवशी अख्खा विभाग दोन तास खुर्च्यांवर उभा होता आणि एकटे किती सर पलंगाखाली रांगत विचारत होते, "आजोबा, किती लांब होती?"

घरीही तेच. मुलीने तोंडातून पहिला शब्द काढला तो "आई" नाही, "बाबा" नाही, "दोन". बिचारीने तोवर "किती?"शिवाय दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

सरांचं लग्नसुद्धा या प्रश्नानेच जमलं. शाळेत गणित शिकवणारी एक तरुण बाई एकदा तातडीच्या विभागात आली. वह्या तपासण्याच्या नादात तिने बिस्किटाऐवजी खडू खाल्ला होता. सर वाकले. "किती?" बाई म्हणाली, "साडेतीन सेंटिमीटर. उरलेला मोजून आणलाय." आणि तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला तुकडा काढून दाखवला. सर पाहतच राहिले. एवढ्या वर्षांत सरळ आकडा सांगणारं हे पहिलंच माणूस होतं. खडूला औषध लागत नाही, तरीही सरांनी तिला तीन वेळा तपासायला बोलावलं. चौथ्या वेळी तीच म्हणाली, "अहो, खडू केव्हाच संपला. आता सरळ काय ते विचारा."

असं सगळं छान चाललेलं असताना सरांना एकच दुःख होतं, आणि ते त्यांच्या दारावर पितळी अक्षरांत ठोकलेलं होतं. "सहयोगी प्राध्यापक." एकोणीस वर्षं! "सहयोगी म्हणजे कुणाचा?" सर चिडून विचारत. "मला दाखवा तरी तो माणूस." त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं कुठल्या कुठे प्राध्यापक होऊन बसली होती आणि सरांचं घोडं आपलं पेंड खात होतं. पहिल्या मुलाखतीत समितीतले एक गृहस्थ पेंगत होते. सरांनी भाषण थांबवून त्यांना विचारलं, "झोपेच्या गोळ्या किती घेता?" ते पद गेलं. दुसऱ्या मुलाखतीत विषबाधेच्या मदत फोनवर कुणी साबण खाल्ल्याचा निरोप आला आणि सर "आलोच" म्हणून बाहेर गेले ते चाळीस मिनिटांनी परतले. तोवर समिती जेवायला गेली होती. आता तिसरी मुलाखत होती, आणि ती शेवटची. अठ्ठावन्न पूर्ण झालेल्याला अर्ज करता येत नाही असा नियम होता आणि सरांना अठ्ठावन्न पूर्ण व्हायला तेरा दिवस उरले होते.

पण या वेळी सर निर्धास्त होते. त्यांच्याकडे ट्रे होता.

ट्रे म्हणजे सागवानी लाकडाचा, बारा खणांचा, झाकणाचा. सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत दोन खण. एका खणात औषधाच्या दहा गोळ्या आणि शेजारच्या खणात हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दहा पेपरमिंटच्या गोळ्या. औषध डावीकडे की उजवीकडे हे ओळीओळीला वेगळं, आणि त्याची किल्ली म्हणून एक कागद सरांच्या खिशात. अकरा वर्षांपूर्वी सरांनी हा ट्रे घेऊन सहाशे माणसांना विचारलं, "ओळखा, यातलं औषध कोणतं?" आणि निम्म्या उत्तरांचा पार बोऱ्या वाजला. मोठी माणसं चुकतात तर लहान मुलं फसणारच, तेव्हा घरातली औषधं कुलपात ठेवा, असा निबंध सरांनी लिहिला. तो गाजला. त्याची भित्तिपत्रकं झाली, परिषदांतून टाळ्या झाल्या. सर ट्रेसमोर उभे राहून एक गोळी चिमटीत धरत आणि म्हणत, "सामान्य माणसाला फरक दिसणार नाही. पण सरावलेल्या नजरेला ही कड पाहा, ही चकाकी पाहा, लगेच कळतं." विद्यार्थी माना डोलावत.

एकट्या बायकोने तेव्हा मान डोलावली नव्हती. निबंधातलं कोष्टक वाचून ती म्हणाली होती, "शाळेतल्या मुलांची निम्मी उत्तरं चुकली, ठीक आहे. नर्सांचीही निम्मीच? औषधाच्या दुकानदारांचीही निम्मीच? अहो, हे ओळखणं नाही, ही छापा-काटा झाली. तो ट्रे एकदा तपासून घ्या."

"तू तुझं गणित बघ, मी माझं विष बघतो," सर म्हणाले होते. उत्तरं ज्याच्या खिशात, त्याला कसली आली परीक्षा!

ट्रेची निगा राखायच्या मावशी. मावशी विभागात साफसफाईला होत्या, सरांपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण रुग्णालयात मावशी ही वयाने होत नाही, कामाने होते. त्या ट्रे पुसत, खण भरत, आणि मुलाखतीच्या दिवशी त्यांनीच तो तेल लावून चकचकीत करून टेबलावर आणून ठेवला.

मुलाखत पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात. समितीचे अध्यक्ष म्हणजे पोटाचे नामांकित सर्जन, स्वतःचं पोटही नामांकित. त्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि बायकोने डब्यात काकडी दिली होती. सकाळपासून चार उमेदवार ऐकून ते भुकेने कावले होते. शेजारी प्रशासनाच्या बाई, हातात अकरा प्रश्नांचा छापील कागद. प्रत्येक उमेदवाराला अकराच्या अकरा प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत, यावर त्यांची श्रद्धा होती.

पहिले सहा प्रश्न उरकल्यावर सरांनी झाकण उघडलं आणि बोलायला सुरुवात केली. "चौथी ओळ पाहा. एका खणात पेपरमिंट आहे आणि दुसऱ्या खणात हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी." अध्यक्षांच्या कानात त्यातलं "पेपरमिंट" तेवढं शिरलं. सर पडद्यावरचा आलेख दाखवायला वळले. आलेख मोठा होता. वळून परत पाहतात तो अध्यक्षांचा जबडा हलत होता.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, काय खाल्लंत?"

"मी? कुठे काय?" अध्यक्ष गालात काहीतरी सरकवत म्हणाले.

"कधी खाल्लंत?"

"आत्ताच. म्हणजे, खाल्लंच नाही तर कधी काय?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलावरून वाकले. "किती?"

"एक," अध्यक्ष म्हणाले.

सरांनी चौथ्या ओळीचा उजवा खण मोजला. दहाच्या जागी सहा. खिशातली किल्ली काढली. चौथी ओळ, उजवा खण: औषध.

"चार! साहेब, चार गोळ्या खाल्ल्यात तुम्ही, हृदयाच्या!"

"पण गोड होत्या हो!"

"वरून साखरेचं आवरण असतं."

"पेपरमिंटचा वाससुद्धा येत होता!"

"भीतीने भास होतात," सर म्हणाले आणि त्यांनी दारातली चाकांची खुर्ची ओढली.

पुढची पाच मिनिटं रुग्णालयात अजून चवीने सांगितली जातात. पुढे सर, खुर्ची ढकलत. खुर्चीत अध्यक्ष, "मी सर्जन आहे, मला चालता येतं" म्हणून ओरडत. आणि बाजूने कागद सांभाळत धावणाऱ्या प्रशासनाच्या बाई.

"प्रश्न सातवा! पुढच्या पाच वर्षांत विभागाला कुठे नेणार?"

"तातडीच्या विभागात! बाजूला व्हा!" सर ओरडले.

बाईंनी उत्तर लिहून घेतलं आणि खाली पोचेपर्यंत दहाव्यापर्यंतचे प्रश्न उरकले.

खाली आल्यावर मात्र सरांची सगळी गडबड गळून पडली. हे त्यांचं घर होतं. छातीला तारा लागल्या, हाताला सुई लागली, यंत्र टिकटिक करू लागलं. नाडी अठ्ठ्याण्णव. मंदावायला हवी ती वाढतेय कशी, असं क्षणभर सरांच्या मनात आलं, पण गोळी विरघळायला वेळ लागतो. त्याआधीच तिला पोटात गाठायला हवं. सिस्टरने कोळशाचं औषध कालवून आणलं. मोठा ग्लासभर काळंकुट्ट, दाट पाणी. पोटातलं विष हा कोळसा शोषून घेतो आणि पिणाऱ्याची सगळी प्रतिष्ठाही.

"हे मी पिणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, तुमच्याशिवाय ही मुलाखत पुरी होणार नाही आणि माझे तेराच दिवस उरलेत. प्या."

अध्यक्षांनी नाक धरून ग्लास तोंडाला लावला. तेवढ्यात मावशी धापा टाकत आल्या. सभागृह आवरायला गेल्यावर त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी सरांना पडद्याशी ओढलं आणि कानात सांगितलं, "सर, त्या गोळ्या नाहीत. पेपरमिंट आहेत."

"पेपरमिंट डावीकडे. उजवीकडे गोळ्या."

"दोन्हीकडे पेपरमिंट. बाराही खणांत. अकरा वर्षं झाली."

"काय?"

"पहिल्याच आठवड्यात पालकांची सभा होती. तुम्ही झाकण उघडं टाकून फोन घ्यायला गेलात. मी बघते तर एका बाळाचा हात ट्रेमध्ये. तुम्हाला म्हटलं, सर, खऱ्या गोळ्या नको. तुम्ही म्हणालात, खऱ्या असल्याशिवाय शास्त्र होत नाही. मग मी विचारायचंच सोडलं. खऱ्या सगळ्या काढून पाकिटात घातल्या. माझ्या कपाटात आहेत, कुलपात. मोजून साठ."

पलंगावर अध्यक्षांनी पहिला घोट घेतला.

सर जागच्या जागी थिजले. निम्मे. नर्सांचेही निम्मे. दोन खणांत एकच पेपरमिंट, तर माणूस ओळखणार काय, कपाळ? बायको अकरा वर्षांपूर्वीच सांगून मोकळी झाली होती. आणि ती कड? ती चकाकी? परिषदेत चारशे डॉक्टरांसमोर पेपरमिंट चिमटीत धरून आपण म्हणालो होतो, सरावलेल्या नजरेला लगेच कळतं. सरांच्या कानांतून वाफा निघाल्या. अध्यक्षांनी दुसरा घोट घेतला आणि हाताच्या मुठीने पलंगाचा गज आवळला.

मावशी त्यांच्याकडे पाहत होत्या. बाकी कुणाला काही कळलं नव्हतं. आणि इथेच सरांच्या डोक्यात एक अत्यंत नीच विचार आला. तो लपवण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी पुढे तो स्वतःच सगळ्यांना सांगितला. विचार असा: गप्प बसलो तर? कोळशाने अजून कुणी मेलेलं नाही. तासाभराने अध्यक्ष ठणठणीत उठतील, म्हणतील या माणसाने माझा जीव वाचवला, आणि उद्या दारावरचा तो "सहयोगी" निघेल. बोललो, तर निबंध गेला, टाळ्या गेल्या, पद गेलं. अध्यक्षांचा तिसरा घोट झाला. सरांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी काहीच म्हटलं नाही, आणि त्याचाच सरांना जास्त राग आला.

चौथा घोट. अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिशीवरून काळे ओघळ निघाले आणि पांढऱ्या सदऱ्यावर पोचले.

पाचवा घोट घेऊन त्यांनी ग्लास खाली केला, सरांकडे पाहिलं आणि एखाद्या शाळकरी पोरासारखं विचारलं, "संपवायलाच हवं का हो?"

"थांबा," सर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, सिस्टरसमोर, विद्यार्थ्यांसमोर, काही न लपवता. गोळ्या नव्हत्याच. निबंध चुकला. घरातली औषधं कुलपात ठेवा म्हणून जगाला सांगत फिरलो आणि स्वतः खऱ्या गोळ्या उघड्या टाकून फोनला गेलो. कुलूप लावलं ते मावशींनी. आणि अकरा वर्षं मी पेपरमिंटची कड दाखवत होतो.

यंत्र तेवढं टिकटिक करत होतं. मग प्रशासनाच्या बाईंनी घसा साफ केला. "प्रश्न अकरावा. तुमच्या कामातली एक उणीव सांगा."

"आत्ता काय सांगत होतो मी?" सर ओरडले.

अध्यक्षांनी ग्लास बाजूला ठेवला. दात काळे, ओठ काळे, आणि नजर मात्र सर्जनची. "इकडे या," ते म्हणाले. सर पलंगाशी गेले. "त्या बाई तुमच्या कानात बोलल्या, तेव्हा मी पाहत होतो. तुमचा चेहरा उतरला. मग बऱ्याच वेळाने तुम्ही थांबा म्हणालात. मध्ये मला पाजत राहिलात." ते उठून बसले आणि छातीच्या तारा ताणल्या जाईपर्यंत पुढे वाकले. सरांच्या नाकाला त्यांचं काळं नाक लागलं.

"किती?"

तीस वर्षांत सरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि तेव्हा त्यांना कळलं की लोक एक का म्हणतात. जिभेवर "एक" आलाच होता. "दोन" तर फारच सोयीचा होता.

"पाच घोट," सर म्हणाले. "पहिला नकळत गेला असं म्हणता येईल. पण म्हणत नाही. पाच."

अध्यक्षांनी मिशीवरचा कोळसा अंगठ्याने पुसला.

"मीही मोजत होतो," ते म्हणाले. "पाचच." मग ते बाईंकडे वळले. "तो कागद द्या इकडे."

मुलाखतीचा तो कागद आजही कार्यालयातल्या फायलीत आहे. त्यावर "निवड" या शब्दाशेजारी सही आहे आणि सहीवर कोळशाचा एक ठसठशीत अंगठा. निबंध सरांनी त्याच आठवड्यात जाहीरपणे मागे घेतला. मागे घेण्याच्या पत्रात त्यांनी लिहिलं की लेखकाला स्वतःलाच अकरा वर्षांत फरक कळला नाही, तेव्हा औषधं कुलपात ठेवाच. हे पत्र निबंधापेक्षा जास्त वाचलं गेलं.

त्या दिवशी सर घरी आले तेव्हा बायको वह्या तपासत होती. सर समोर बसले. "तुझं ते निम्म्याचं बरोबर होतं," ते म्हणाले.

तिने लाल पेन खाली ठेवलं. "कळायला किती वर्षं लागली?"

"अकरा."

"पूर्ण?"

"अकरा वर्षं, दोन महिने."

"बरं," ती म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवरचा वह्यांचा गठ्ठा उचलून तिने त्यांना जवळ बसायला जागा केली.